हजेरी रजिस्टर काचेत ठेवायचं का? खानदेशातल्या एका पोलीस इतिहास संग्रहालयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस मुख्यालयाच्या आवारात जुनी दगडी कचेरी आहे. चार खोल्या, दोन फूट जाडीच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. बरीच वर्षं ती भांडार म्हणूनच वापरात होती. मोडके रॅक, बंद पडलेले बिनतारी संच, ठाण्यात तास वाजवायची पितळी घंटा आणि कोपऱ्यात रुमालात बांधलेली दप्तरं असं सामान तिथे पडून होतं. भांडार रिकामं करायचं ठरलं, निर्लेखनाची (वापरातून कायमच्या काढायच्या सामानाची) यादी निघाली आणि यातलं बरंचसं भंगाराच्या लिलावात जाणार हे एका निवृत्त हवालदारांनी शहरातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांच्या कानावर घातलं. या हवालदारांनी मुद्देमाल कारकून म्हणून काम केलेलं होतं. कोणत्या पेटीत काय आहे हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्यातून ना-नफा संस्था उभी राहिली. सात विश्वस्तांमध्ये दोन निवृत्त पोलीस, एक वकील, एक सनदी लेखापाल, दोन प्राध्यापक आणि एक छापखानदार होते. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी साधारणपणे दोन कायद्यांखाली होते: संस्था नोंदणी कायदा, 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950. इथेही तसंच झालं. आयकर सवलतीसाठीची 12एबी आणि 80जी नोंदणी पाठोपाठ केली, कारण त्यांशिवाय देणगीदार पुढे येत नाहीत. शहराची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील या लेखातून काढले आहेत.

खानदेशातल्या पोलिसांचा इतिहास जपण्यासारखा का आहे, हे थोडक्यात सांगायला हवं. 1818 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्यातून कारभार सुरू केला. सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांशी झगडा चालूच होता. 1825 मध्ये जेम्स आउटरामने भिल्लांचीच पलटण उभी केली. खानदेश भिल्ल कोअर या नावाने ती ओळखली गेली आणि तिचं ठाणं धरणगावला होतं. ज्यांचा पाठलाग सरकार करत होतं त्यांच्याच भाऊबंदांच्या अंगावर सरकारी पोशाख चढला. पुढे 1857-58 मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या उठावात भिल्ल पुन्हा सरकारसमोर उभे ठाकले. 1906 मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, जळगाव आणि धुळे ही मुख्यालयं झाली. 1998 मध्ये नंदुरबार वेगळा झाला. प्रत्येक विभागणीत दप्तरं फुटली आणि काही या कचेरीत राहून गेली. म्हणजे त्या रुमालांत जे होतं ते फक्त पोलिसांचं नव्हतं. पोलिसांनी ज्यांच्यावर नजर ठेवली त्यांचंही होतं. शीर्षकातलं हजेरी रजिस्टर त्यातलंच, आणि या प्रकरणातला सगळा पेच इथून सुरू होतो.

पहिला प्रश्न: मालकी कुणाची

सुरुवातीला विश्वस्तांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, लिलावात बोली लावून सामान विकत घेणं. ही सर्वांत स्वस्त, पण शस्त्रं अशी विकत घेता येत नाहीत आणि सरकारी कागदपत्रं विकताच येत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा, 2005 लागू झाल्यापासून जुनी दप्तरं रद्दीत काढणंही ठरलेल्या प्रक्रियेशिवाय चालत नाही. दुसरी वाट म्हणजे संग्रहालय पोलीस खात्यानेच चालवावं. पण अधीक्षकांची बदली दोन-तीन वर्षांत होते, एकाला आवड असते आणि पुढच्याला बंदोबस्तातून उसंत नसते. अशी संग्रहालयं उद्घाटनानंतर कुलपात जातात, हे विश्वस्तांनी इतरत्र पाहिलं होतं. तिसरी वाट लेखी कराराची: मालकी खात्याची, सांभाळ संस्थेचा.

कॅनडातल्या व्हँकुव्हरचं पोलीस संग्रहालय 1986 पासून एका ना-नफा संस्थेमार्फत, शहराच्या जुन्या शवचिकित्सा इमारतीत चालतं. आपल्याकडे कोलकात्याचं पोलीस संग्रहालय खात्याकडे आहे. खानदेशातल्या विश्वस्तांनी दोन्हींच्या मधला रस्ता घेतला. करार अधीक्षकांच्या नावाने न करता पदनामाने केला, जेणेकरून बदलीनंतरही तो टिकावा. इमारतीचा वापर हा अधीक्षकांच्या एकट्याच्या अधिकारातला विषय नसल्याने प्रस्ताव वर गेला आणि त्यात बरेच महिने लागले. करारासोबत चार याद्या जोडल्या.

पहिल्या यादीत निर्लेखित जडवस्तू. रॅक, घंटा, बिनतारी संच, बिगुल हे कायमचं संस्थेला. दुसऱ्या यादीत शस्त्रं, ती खात्याच्याच मालकीची आणि फक्त मांडण्यासाठी दिलेली. तिसऱ्या यादीत अभिलेख. मूळ प्रती खात्याच्या, संस्थेला छायाचित्रित प्रती आणि लेखी परवानगीने मूळ प्रत मांडण्याची मुभा. चौथी यादी पोलीस कुटुंबांकडून येणाऱ्या वस्तूंची, त्या दानपत्रावर संस्थेच्या. दरवर्षी 31 मार्चला दोन्हीकडच्या माणसांनी याद्या हातात घेऊन एकेक वस्तू पडताळायची. पोलीस ठाण्यात जडवस्तू नोंदवहीची पडताळणी होते तीच पद्धत, त्यामुळे खात्याला ती परकी वाटली नाही.

शस्त्रांचं काम आरमोररशिवाय (दलातल्या शस्त्रं सांभाळणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिराशिवाय) करू नये. यादीत .410 बोअरच्या मस्केट होत्या, ज्या आपल्या पोलिसांकडे अनेक दशकं होत्या, आणि तीन ठासणीच्या बंदुका. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मध्ये जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशी स्थिती असेल तरच. मस्केट तशा नव्हत्या. म्हणून त्यांचे बोल्ट काढून जिल्ह्याच्या शस्त्रागारात वेगळ्या पेटीत, मस्केटच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवले. मस्केट भिंतीवरच्या रॅकला लावून ट्रिगरगार्डमधून साखळी ओवली. नळ्यांत वेल्डिंग करायची सूचना आली होती, ती नाकारली, कारण एकदा वितळवलेलं लोखंड परत पहिल्यासारखं होत नाही.

ठासणीची बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरायचं. आरमोररने नळीत लाकडी दांडी घातली, तोंडाशी खूण केली आणि तीच दांडी बाहेरून नळीला लावून पाहिली. दोन बंदुकांत दांडी कानापर्यंत, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रापर्यंत, गेली. तिसऱ्यात चार बोटं अलीकडे अडली. ती बंदूक त्याच दिवशी शस्त्रागारात गेली आणि आतला जुना दारूचा बार काढल्यावरच परतली.

पेट्यांत आणखी एक गोष्ट निघाली. दोन सुरे आणि एक गावठी कट्टा, तिन्हींवर मुद्देमालाच्या चिठ्ठ्या. मुद्देमालाची विल्हेवाट न्यायालयाच्या आदेशानेच लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 452 खाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 498 खाली. खटल्याचा निकाल लागून चाळीस वर्षं झाली असली तरी आदेश नसेल तर वस्तू न्यायालयाचीच. ती तिन्ही संबंधित ठाण्याला पावती घेऊन परत केली. हवालदार मंडळात नसते तर हे सामान सरळ काचेच्या कपाटात गेलं असतं.

खरा पेच: हजेरीची रजिस्टरं

अकरा रुमालांपैकी एकात तीन जाड रजिस्टरं होती. पहिलं मोडी लिपीत, हाताने आखलेलं. उरलेली दोन छापील नमुन्यातली. रकाने असे: अनुक्रम, नाव, बापाचं नाव, जात, वय, अंगावरच्या खुणा, राहण्याचं ठिकाण, अंगठ्याचा ठसा आणि पुढे महिन्याच्या 31 तारखांचे 31 चौकोन. प्रत्येक चौकोनात ‘ह’ किंवा ‘ग’. ‘ग’ लाल शाईत. काही नावांवर आडवी रेघ आणि बाजूला ‘मयत’. बायकांची नावं होती, मिसरूड न फुटलेल्या मुलांची होती. ठशांची शाई कागदातून पाठीमागे उतरलेली.

ही रजिस्टरं गुन्हेगार जमाती कायद्याखालची. 1871 मध्ये तो उत्तर भारतासाठी आला, 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि 1924 मध्ये एकत्रित कायदा झाला. त्याच्या कलम 10 खाली नोंदलेल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, राहण्याची जागा आणि जागेतला बदल कळवावा लागे. त्यासाठी गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती. जमातीत जन्म पुरेसा होता. मुंबई इलाख्यात पारधी, भामटा, कैकाडी, कंजारभाट अशा जमाती यात अडकल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभरातून गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तरी डोक्यावरचा शिक्का लगेच गेला नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला, यावरून हा विषय किती ताजा आहे ते कळावं.

या रजिस्टरांत ज्या वस्तीचं नाव होतं ती वस्ती आजही शहरात आहे. आडनावंही तीच.

निवृत्त अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की हा पोलिसांच्या चिकाटीच्या कामाचा नमुना आहे, ठसे घ्यायच्या साहित्याशेजारी तो उघडा ठेवावा आणि वर ‘गुन्हेगार जमातींचं रजिस्टर’ अशी पाटी लावावी. एका प्राध्यापकांचं मत अगदी उलट: अन्याय झाला आहे, तर तो नावानिशी दिसला पाहिजे. नावं झाकली तर लोकांना ती फक्त आकडेमोड वाटेल. दोन्ही बाजूंना रजिस्टर उघडंच हवं होतं, कारणं मात्र वेगळी. त्यामुळे मंडळात लवकर एकमत होऊ लागलं होतं, आणि धोका नेमका तिथेच होता.

वकिलांनी थांबवलं. त्यांचे मुद्दे दोन. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली मयत माणसाची बदनामीही अब्रूनुकसानी ठरू शकते, जर ती त्याच्या कुटुंबाला दुखावण्याच्या हेतूने केलेली असेल. संस्थेचा तसा हेतू नव्हता हे खरं, पण पाटीवरच्या ‘गुन्हेगार’ या शब्दाचं समर्थन करणं अवघड गेलं असतं. दुसरा मुद्दा कायद्याचा नव्हता. ज्यांची नावं आहेत त्यांच्या नातवंडांना न विचारता ठरवायचं, तर 1924 मध्ये झालं त्यापेक्षा आपण वेगळं काय करतोय?

पर्याय

चर्चेत पाच पर्याय आले. रजिस्टर नावांसकट उघडं ठेवणं. ते मांडायचंच नाही, पुराभिलेख संचालनालयाकडे पाठवायचं. नावांवर कागदी पट्टी लावून मांडायचं. मूळ प्रत कपाटात ठेवून नावं पुसलेली छापील प्रत लावायची. किंवा वस्तीच्या हवाली करायचं.

शेवटचा पर्याय करारातच बसत नव्हता, मूळ प्रत खात्याची. पुराभिलेखाकडे पाठवणं नियमाला धरून होतं, पण वस्तीतल्या कुणाला आजोबांचं नाव पाहायचं तर मुंबईची वाट धरावी लागली असती. पट्टी लावण्यात एक व्यावहारिक दोष होता जो लक्षात यायला वेळ लागला: ठसा उघडाच राहतो, आणि ठसा हीसुद्धा ओळखच. शिवाय गोंद लागलेली कोणतीही पट्टी जुन्या कागदावर डाग सोडते.

काय केलं

वस्तीतल्या लोकांची बैठक बोलावली. जागा ठेवली पोलीस मुख्यालयाचं सभागृह, कारण ते फुकट मिळत होतं. ठरल्या वेळी वस्तीतून एकही माणूस आला नाही. ज्या आवारात आज्यापणज्यांना रोज हजेरी द्यावी लागली, त्याच आवारात पोलिसांच्या निरोपावरून यायचं, हे कुणाच्याही पचनी पडणारं नव्हतं. विश्वस्तांना ते नंतर एका शिक्षकांनी समजावून सांगितलं. हे शिक्षक वस्तीतलेच.

दुसरी बैठक वस्तीच्या समाजमंदिरात झाली. गणवेशातलं कुणी नव्हतं, निवृत्त अधिकारीही गेले नाहीत. रजिस्टरं नेली नाहीत, फक्त कोऱ्या नमुन्याचं मोठं छायाचित्र नेलं. रजिस्टर हटवा अशी मागणी पहिल्यांदा येईल असं विश्वस्तांना वाटत होतं. एका वृद्ध गृहस्थांनी विचारलं ते वेगळंच: आपल्या आजोबांचं नाव त्यात आहे का, आणि असलं तर ते कधी पाहता येईल. त्यांच्या घरात आजोबांचा फोटो नव्हता. अंगठ्याचा ठसा ही त्यांच्या हाताची एकमेव खूण उरली होती. तिथे चर्चेची दिशा बदलली. प्रश्न मांडायचं की नाही एवढाच नव्हता. कुणाला, कुणासमोर आणि कुणाच्या परवानगीने दाखवायचं, हा होता.

तरुणांपैकी काहींचा विरोध तीव्र होता. शहरातल्या शाळांच्या सहली येणार, वर्गातली मुलं आडनावं ओळखणार, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत काय चालेल हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. या मुद्द्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं आणि ते नव्हतं म्हणूनच तो निर्णायक ठरला.

तोडगा रजिस्टरातच सापडला. दुसऱ्या छापील रजिस्टरची शेवटची पानं कोरी होती. सगळे रकाने छापलेले, जात, खुणा, ठसा, 31 चौकोन, आणि एकही नाव नाही. रजिस्टर त्या कोऱ्या पानावर उघडून काचेत ठेवलं. पाहणाऱ्याला यंत्रणा पूर्ण दिसते, माणूस उघडा पडत नाही. पुठ्ठ्याच्या आधारावर 120 अंशांहून जास्त न उघडता ते ठेवलं, कारण सपाट उघडलं तर पाठीची शिवण तुटते. दर तीन महिन्यांनी दुसरं कोरं पान उलटायचं, एकाच पानावर उजेड पडत राहू नये म्हणून.

पाटीचा मजकूर वस्तीतल्या शिक्षकांनी आणि एका विश्वस्तांनी मिळून लिहिला. शेवटचा मसुदा असा:

“1911 आणि 1924 च्या कायद्यांखाली काही जमातींतल्या माणसांची नावं, त्यांनी गुन्हा केलेला नसतानाही, अशा रजिस्टरात नोंदली गेली. त्यांना पोलिसांपुढे ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. या रजिस्टरातली भरलेली पानं संबंधित कुटुंबांसाठी राखून ठेवली आहेत.”

भरलेल्या पानांसाठी लेखी पद्धत ठरवली. कुटुंबातल्या व्यक्तीने अर्ज द्यायचा, शिक्षक आणि संस्थेचा एक प्रतिनिधी यांच्या समोर आतल्या खोलीत फक्त त्या नावाचं पान पाहायचं, हवी तर छायाचित्रित प्रत मोफत न्यायची. संशोधकांना पानं मिळतील, पण नावं आणि ठसे छापणार नाही अशी हमी देऊन. तिन्ही रजिस्टरांची छायाचित्रं वरून कॅमेरा लावून घेतली. झेरॉक्स किंवा स्कॅनरच्या काचेवर पालथी घातली असती तर बांधणी मोडली असती. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांना पूर्ण बंदी.

याच चौकटीत दुसरी एक पाटी तपासली. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला मिरवणुकीवर गोळीबार होऊन शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. कच्च्या मजकुरात ते हुतात्मा झाले एवढंच होतं. गोळीबार पोलिसांचा होता हे पोलीस संग्रहालयाने लिहायचं की नाही यावर दोन बैठका गेल्या. शेवटी लिहिलं. त्याच भिंतीवर 21 ऑक्टोबर 1959 च्या, लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथल्या पोलीस हुतात्म्यांचीही नोंद आहे.

कूलर, ब्रासो आणि गंज

उद्घाटन 2 जानेवारीला, पोलीस स्थापना दिनी करायचं असा आग्रह होता. 1961 मध्ये त्या दिवशी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला. तारीख छान, पण तिच्यामुळे वस्तूंच्या स्थितीची नोंद अर्धवट राहिली.

आदल्या दिवशी मुख्यालयातल्या जवानांनी मदतीच्या भावनेने सगळं पितळ ब्रासोने चकाचक केलं. परेडच्या आधी हेच करतात, हात सवयीने चालतात. त्या पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते. आधीच झिजलेली दोन बक्कलं अशी घासली गेली की बक्कल नंबराचा शेवटचा अंक फक्त तिरप्या उजेडात वाचता येतो. बक्कल नंबर म्हणजे शिपायाची ओळख. तो गेला की ते बक्कल कुणाचं हे नोंदवहीतून शोधायचा मार्गही बंद होतो. चामड्याच्या पट्ट्यावरच्या पितळेला येणारा हिरवा मेणचट थर कोरड्या मऊ कापडाने किंवा बांबूच्या काडीने काढायचा असतो, पॉलिश चामड्यात उतरलं तर चामडं तडकतं.

एप्रिल आल्यावर मोठं संकट उभं राहिलं. खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली येते. पाहुण्यांसाठी खिडकीत वाळ्याच्या टट्ट्यांचा डेझर्ट कूलर बसवला होता. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. सकाळी दहाला चालू केला की खोलीतली आर्द्रता 70 टक्क्यांवर, संध्याकाळी बंद केला की रात्रीत पुन्हा खाली. रोजचा हा चढउतार कागदाला आणि लाकडाला एका पातळीवर टिकलेल्या आर्द्रतेहून वाईट. मेच्या अखेरीस मस्केटच्या नळ्यांवर नारिंगी ठिपके आले आणि एका लाकडी दस्त्याला बारीक चीर गेली.

उपाय साधे होते. कूलर पडवीत नेला, पाहुणे तिथे बसतात. शस्त्रं आणि कागद सर्वांत आतल्या खोलीत, जिथे दोन बाहेरच्या भिंतींऐवजी एकच आहे. त्या खोलीच्या कौलांखाली फळ्यांचं छत मारलं, दिवसा खिडक्या बंद, रात्री पंख्याने हवा बदलायची. दोन आर्द्रतामापक लावले आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत. कागद आणि लोखंड एकाच खोलीत ठेवायचं तर 45 ते 50 टक्के हे तडजोडीचं माप. पावसाळ्यात काचपेटीच्या तळाशी सिलिका जेल, रंग बदलला की 120 अंशांवर तीन-चार तास भट्टीत सुकवून पुन्हा तेच. गंज चार शून्यांच्या स्टीलवुलने, हलक्या तेलाचे दोन थेंब घेऊन, नळीच्या लांबीच्या दिशेने काढला. पॉलिशपेपरला हात लावू दिला नाही. वर सूक्ष्मस्फटिक मेणाचा पातळ थर.

लोकरी कोट आणि साफ्यांत कसर होती. डांबर गोळ्यांचा ढीग काढून टाकला. कपडे पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवले, काढल्यावर 24 तास पिशवी न उघडता बाहेर ठेवले, नाहीतर दव कापडावर बसतं. दिवे 50 लक्सच्या आत. धातूवर क्रमांक घालताना आधी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक रेझिनचा थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. कापडासाठी सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत टाक्याने शिवायची, कागदाला मऊ पेन्सिल.

निष्पत्ती

संग्रहालय चालू आहे. आठवड्याला पाच दिवस, तिकीट नाममात्र. करारातल्या काळात अधीक्षक बदलले आणि करार टिकला, पदनामाचा उपयोग झाला. संयुक्त पडताळणी दोनदा झाली, एकदाही वस्तू कमी भरली नाही.

वस्तीतून पान पाहायला कुटुंबं येतात. बहुतेक विमुक्त दिनाच्या आसपास. त्या वृद्ध गृहस्थांना आजोबांचं पान मिळालं. दोन कुटुंबांनी आमचं पान कुणालाही, संशोधकालाही, दाखवू नका असं लिहून दिलं आणि ते मान्य झालं. एका गटाचा विरोध मात्र कायम आहे. कोऱ्या पानावरही जातीचा रकाना छापलेला आहे, तो काचेत मिरवू नये असं त्यांचं म्हणणं. मंडळाने ते मान्य केलेलं नाही, पण पत्र फाइलला लावून दरवर्षीच्या सभेत पुन्हा वाचायचं ठरवलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत मोठी चूक समाजमंदिरात जायला उशीर ही. मुख्यालयातल्या रिकाम्या बैठकीने वस्तीचा विश्वास काही महिने मागे गेला. रजिस्टर सापडल्याच्या आठवड्यातच शिक्षकांसारखा माणूस गाठायला हवा होता. सात विश्वस्तांत वस्तीतलं कुणी नव्हतं, हेही मुळातच खटकणारं. आता शिक्षकांना विश्वस्त म्हणून घेतलं आहे. असा बदल झाला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो वेळेत गेला.

दानपत्राचा नमुना तयार होण्याआधीच पोलीस कुटुंबांनी पदकं, फोटो, साफे आणून दिले आणि ते तोंडी शब्दावर ठेवून घेतले. नंतर एका पदकावर चुलतभाऊ हक्क सांगत आला. कुणी देतंय, त्या माणसाला देण्याचा अधिकार आहे का, इतर वारसांची संमती आहे का, हे लिहून घेतल्याखेरीज वस्तू टेबलावरून आत नेऊ नये. पदक परत केलं, कुटुंबातला वाद आपण सोडवायचा नाही म्हणून.

स्थितीची नोंद आणि छायाचित्र आधी, साफसफाई मागाहून, हा क्रम उद्घाटनाच्या तारखेखातर उलटा झाला. तारीख ऑक्टोबरात ठेवली असती तर पावसाळ्यातल्या आर्द्रतेचे आकडेही हाताशी आले असते आणि कूलरचा विचार आधी झाला असता.

एक निर्णय अजून बाकी आहे. कराराची मुदत संपत आली आहे. नव्या मसुद्यात तिन्ही रजिस्टरांच्या छायाचित्रांचा एक संच वस्तीच्या समाजमंदिरात ठेवावा असं शिक्षकांनी सुचवलं आहे. मूळ अभिलेख खात्याचे असल्याने त्याला खात्याची संमती लागेल. संच कुणाच्या ताब्यात, कपाटाच्या किल्ल्या किती आणि दोन कुटुंबांनी राखून ठेवलेली पानं त्यात असतील का, यावर पुढच्या सभेत चर्चा आहे. ती सभा समाजमंदिरातच होणार आहे.